शुद्ध व अशुद्ध अन्न
(लेवीय ११ व अनुवाद १४ या अध्यायांवर धडा)



पवित्र शास्त्राचें वाचन क्रमानें करणारा मनुष्य उत्पत्ति व निर्गम हीं पुस्तकें आवडीनें वाचतो. परंतु लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाशीं आला म्हणजे त्याची गति मंदावते. उंट, ससा, डुक्कर, घार, घुबड, सरडा, टोळ अशी यादी पाहून तो पान उलटतो. पण गांवांत राहणाऱ्या उपदेशकास हें पान उलटून चालत नाहीं. कधीं बाजारांत, कधीं चावडीवर शेजारी त्यास विचारितो कीं, तुमच्याच शास्त्रांत अमुक मांस मना केलें आहे, मग तुम्ही तें कां खातां? आणि कधीं मंडळींतीलच एखादा भाऊ विचारितो कीं, खाणारा खरा कीं न खाणारा खरा? या दोन्ही प्रश्नांस नीट उत्तर द्यावयाचें तर मूळ नियम काय होते, ते कोणास दिले होते व त्यांचा हेतु काय होता, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. तेंच या धड्यांत पाहूं.

१. नियम काय होते?

जमिनीवरील जनावरांस दोन खुणा सांगितल्या आहेत : खूर दुभंगलेला असावा व जनावर रवंथ करणारें असावें. दोन्ही खुणा असतील तरच तें खाण्यास योग्य. बैल, मेंढरूं, शेळी, हरिण हीं या कसोटीस उतरतात. अनुवादांत अशा दहा जनावरांचीं नांवें दिलीं आहेत. उलट चार जनावरें नांव घेऊन वर्ज्य केलीं आहेत, कारण त्यांच्या अंगीं एकच खूण आहे. उंट, शाफान व ससा यांस रवंथ करणारे म्हटलें आहे, पण त्यांचा खूर दुभंगलेला नाहीं. डुकराचा खूर दुभंगलेला आहे, पण तें रवंथ करीत नाहीं. शाफान म्हणजे खडकांच्या कपारींत राहणारा सशाएवढा एक प्राणी. तो व ससा हे गाईप्रमाणें खरोखर रवंथ करीत नाहींत, हें आज प्राणिशास्त्रावरून ठाऊक आहे. परंतु त्यांचे जबडे सारखे हालतांना दिसतात, आणि नियम शेतकऱ्याच्या व धनगराच्या डोळ्यांस दिसणाऱ्या खुणेवरून सांगितला आहे.

पाण्यांतील प्राण्यांस पंख व खवले असले पाहिजेत. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर रोहू या नियमांत बसतो. मुशी, शिंगाळा, खेकडा, कोळंबी व शिंपल्या बसत नाहींत. पक्ष्यांस मात्र कोणतीच खूण दिलेली नाहीं. केवळ वर्ज्य पक्ष्यांचीं नांवें दिलीं आहेत, आणि लेवीय पुस्तकांत तीं वीस आहेत. त्यांतील बहुतेक गिधाड, घार, कावळा यांसारखे दुसऱ्याचें मांस खाणारे आहेत. उडणाऱ्या किड्यांपैकीं टोळाच्या चार जाति खाण्यास मोकळीक आहे. बाप्तिस्मा करणारा योहान रानांत टोळ खात असे, असें आपण वाचितों, तेव्हां त्यानें नियम मोडला असें कोणी समजूं नये. तें अन्न शुद्धच होतें.

याखेरीज आपोआप मेलेलें व रानपशूनें फाडलेलें जनावर खाण्यास मनाई होती. बैल, मेंढरूं व शेळी यांची चरबी खावयाची नव्हती, कारण ती वेदीचा वांटा होती. आणि सर्वांत कडक मनाई रक्ताविषयीं होती.

२. रक्त कां वर्ज्य?

आरंभीं मनुष्यास धान्य व फळें हेंच अन्न नेमून दिलें होतें (उत्पत्ति १). जलप्रलयानंतर नोहास मांस खाण्याची परवानगी मिळाली, पण त्याबरोबरच एक अट घातली गेली कीं, मांस रक्तासह खाऊं नये (उत्पत्ति ९). नोहा हा सर्व मानवजातीचा पूर्वज. म्हणून यहूदी शिक्षक असें मानीत कीं, डुकराचा नियम इस्राएलासच आहे, परंतु जिवाचा मान राखण्याचा नियम सर्वांस आहे.

लेवीय १७ यांत कारण स्पष्ट केलें आहे. प्राण्याचा जीव त्याच्या रक्तांत आहे, आणि जीव हा देवाचा आहे. मनुष्यास मांस मिळालें, जीव मिळाला नाहीं. म्हणून वेदीपाशीं कापलेल्या जनावराचें रक्त वेदीवर जाई. रानांत पारध केलेल्या पशूचें किंवा पक्ष्याचें रक्त जमिनीवर ओतून मातीनें झांकावें लागे. भुकेलेला पारधी घाईंत असला तरी त्यास तेथें थांबून मूठभर माती टाकावी लागे. मी एक जीव घेतला आहे, हें विसरूं नये म्हणून हा थांबा होता.

शौलाच्या सैनिकांची गोष्ट १ शमुवेल १४ यांत आहे. लढाईनंतर भुकेनें व्याकूळ झालेल्या लोकांनीं लुटींतील मेंढरें व बैल जमिनीवरच कापून रक्तासह खाण्यास आरंभ केला. तेव्हां राजानें एक मोठा धोंडा लोटून आणविला आणि प्रत्येकानें आपलें जनावर त्यावर कापावें असें फर्माविलें. भूक मोठी होती, पण भुकेसहि मर्यादा आहे, हें त्यावरून सैन्यास शिकविलें गेलें.

पुढें यहूदी लोकांत जनावर कापण्याची ठरीव पद्धत झाली. शिकलेला मनुष्य धारेस खांच नसलेल्या सुरीनें गळा एका ओघांत कापतो, आंतील फुप्फुस वगैरे तपासतो, आणि नंतर घरीं मांस पाण्यांत भिजवून, मीठ लावून, उरलेलें रक्त काढून टाकितात.

३. करडूं आणि त्याच्या आईचें दूध

करडूं त्याच्या आईच्या दुधांत शिजवूं नये, ही आज्ञा मोशेच्या पुस्तकांत तीनदां आली आहे (निर्गम २३ व ३४, अनुवाद १४). तिचें कारण मात्र कोठेंच दिलेलें नाहीं. बाराव्या शतकांतील थोर यहूदी वैद्य व पंडित मैमोनिदेस यांचें मत असें होतें कीं, ही मूर्तिपूजकांची कांहीं रीति असावी. १९२९ सालापासून सूरिया देशांत रास शाम्रा येथें प्राचीन विटा सांपडूं लागल्या. त्यांपैकीं एका विटेवरील लेखांत अशाच रीतीचा उल्लेख आहे, असें कांहीं पंडितांनीं वाचिलें, व तें पुष्कळ पुस्तकांत छापून आलें. पुढें त्या अक्षरांची पुन्हा तपासणी झाली तेव्हां तें वाचन टिकलें नाहीं. म्हणून उपदेशकांनीं ही गोष्ट सिद्ध झालेली म्हणून सांगूं नये. दुसरें कारण साधें आहे : ज्या दुधानें जीव वाढावयाचा त्याच दुधांत त्यास मारून शिजविणें हें निष्ठुरपणाचें आहे. पशुपालन करणाऱ्यास हें कारण निराळें समजावून द्यावें लागत नाहीं.

या एका आज्ञेवरून मोठी व्यवस्था उभी राहिली. इ. स. २०० च्या सुमारास रब्बी यहूदा यांनीं यहूदी शिक्षकांचे निर्णय मिश्ना नांवाच्या ग्रंथांत एकत्र केले. त्यांत असें ठरलें आहे कीं, कोणतेंहि मांस दुधांत शिजवूं नये, अपवाद फक्त मासे व टोळ यांचा. आणि मांस व पनीर एका ताटमेजावर मांडूं नयेत. कोंबडीविषयीं त्यांच्यांतहि वाद होता. गालीलचे रब्बी योसे म्हणत कीं, पक्ष्याच्या आईस दूधच नसतें, मग त्यास हा नियम कसा लागावा? तथापि शेवटीं सर्वत्र कोंबडीसहि नियम लागू झाला. पुढें मांसाचीं व दुधाचीं भांडीं निराळीं ठेवण्याची चाल पडली. येथें उत्पत्ति १८ वाचावा. अब्राहामानें आपल्या पाहुण्यांपुढें दहीं, दूध व वासराचें मांस एकत्र वाढिलें होतें. कारण तेव्हां ही आज्ञा दिलेली नव्हती. नियम कालांतरानें आले व वाढले, हें यावरून ध्यानांत येईल.

४. अशुद्ध म्हणजे विटाळलेलें काय?

या ठिकाणीं आपल्या भाषेमुळें एक मोठा घोंटाळा होतो. अशुद्ध हा शब्द ऐकतांच आपल्या मनांत विटाळ येतो. आणि विटाळ म्हटला कीं, ज्यांच्या वाडवडिलांस विहिरीपासून दूर ठेविलें गेलें त्यांच्या मनांत जुनें दुःख जागें होतें. म्हणून नियमशास्त्रांत या शब्दाचा अर्थ काय आहे तो नीट पाहावा.

पहिली गोष्ट : अशुद्ध प्राणी वाईट नव्हे. गाढव खाण्यास अशुद्ध होतें, तरी इस्राएलाच्या प्रत्येक घरीं तें ओझें वाही, आणि त्याच्या प्रथमवत्साबद्दल मेंढरूं देऊन त्यास सोडविण्याची तरतूद होती (निर्गम १३). जिवंत उंटास किंवा गाढवास शिवल्यानें कोणी अशुद्ध होत नसे. अशुद्धता त्यांच्या मुडद्यास शिवल्यानें येई. शुद्ध जनावर आपोआप मेलें तर त्याच्या मुडद्यानेंहि तीच अशुद्धता येई.

दुसरी गोष्ट : ती अशुद्धता थोड्या वेळाची होती. मनुष्यानें वस्त्रें धुवावीं, आणि संध्याकाळ झाली कीं ती संपे. लांकडी भांडें व वस्त्र पाण्यांत घालून शुद्ध होई. मातीचें भांडें तेवढें फोडावें लागे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : ती कोणाच्या जन्मास चिकटलेली नव्हती. राजा असो, याजक असो वा मोलकरी असो, मुडद्यास शिवला तर अशुद्ध. संध्याकाळीं पुन्हा शुद्ध. मेलेलें जनावर खाल्लें तर देशांत जन्मलेल्यास व परदेशीयास एकच नियम, असें लेवीय १७ सांगतो. अनुवाद १४ यांत मात्र असें मांस परदेशीयास द्यावें किंवा विकावें अशी मोकळीक आहे. दोन्ही वचनें शेजारीं ठेवून वाचावींत. परंतु बापाचा विटाळ मुलास, व मुलाचा नातवास, असें या अध्यायांत कोठेंहि नाहीं. तेव्हां या अध्यायाचा आधार घेऊन जर कोणी एखाद्या कुळास जन्मतः अशुद्ध म्हणेल, तर त्यास हा अध्यायच खोटें पाडतो.

५. नियमांचें कारण

खुद्द अध्यायाच्या शेवटीं एकच कारण दिलें आहे : देव पवित्र आहे, म्हणून त्याच्या लोकांनीं पवित्र असावें. पवित्र म्हणजे वेगळें केलेलें. लेवीय २० यांत हें अधिक उघड आहे. देवानें इस्राएलास राष्ट्रांतून निवडून वेगळें केलें, तसें त्यांनीं शुद्ध व अशुद्ध यांत भेद करावा. दररोज चुलीपाशीं बसतांना आपण कोणाचे आहों याची त्यांस आठवण व्हावी, हा हेतु.

पुढील विचारवंतांनीं आणखी कारणें शोधिलीं. ख्रिस्ताच्या वेळीं अलेक्सांद्रिया नगरांत असलेला यहूदी तत्त्ववेत्ता फिलो म्हणे कीं, दुभंगलेला खूर म्हणजे बरें व वाईट निवडण्याची बुद्धि, आणि रवंथ म्हणजे शिकलेलें पुन्हा पुन्हा मनांत आणणें. मैमोनिदेस वैद्य असल्यामुळें त्यांनीं आरोग्याचें कारण पुढें केलें; डुक्कर घाणींत राहतें व घाण खातें असें ते म्हणत. १९६६ सालीं मेरी डग्लस या विदुषीनें असें मांडिलें कीं, जे प्राणी आपल्या वर्गाच्या सामान्य खुणांत बसत नाहींत ते वर्ज्य झाले; पुढें तिनें स्वतःच आपलें मत बदलिलें.

आरोग्याचें कारण आपल्या उपदेशकांस फार आवडतें, कारण तें सांगण्यास सोपें आहे. परंतु विचार करावा. शास्त्रांत या ठिकाणीं रोगाचें नांवहि नाहीं. उंटाचें मांस अरब लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. आणि मेलेलें जनावर रोगामुळेंच वर्ज्य असतें, तर तें परदेशीयास विकण्याची मोकळीक कशी असती? जें शास्त्र सांगत नाहीं तें शास्त्राच्या तोंडीं घालूं नये.

६. हे नियम कितपत पाळले जात?

जमीन खणून जुन्या वस्त्यांचा शोध घेणाऱ्यांनीं या प्रश्नावर उजेड पाडिला आहे. इ. स. पूर्वी १२०० ते १००० या काळांतील इस्राएलाच्या डोंगराळ वस्त्यांत डुकराचीं हाडें फारच थोडीं मिळतात. त्याच काळच्या पलिष्ट्यांच्या अष्कलोन व एक्रोन या नगरांत तीं पुष्कळ मिळतात. माशांची गोष्ट निराळी आहे. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, राजांच्या काळीं यहूदा देशांत, यरुशलेमांतसुद्धां, खवले नसलेले मासे लोक सर्रास खात असत. रोमी अमलाच्या काळापर्यंत मात्र यहूदी वस्त्यांत ते जवळजवळ नाहींसे झाले.

यावरून विश्वासणाऱ्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. लोक नियम पाळीत नाहींत अशी तक्रार तर संदेष्टे स्वतःच करितात. डुकराचें मांस खाणाऱ्या बंडखोरांचा उल्लेख यशया ६५ यांत आहे. नियम कागदावर असणें व तो घराघरांत पोंहोंचणें यांत पुष्कळ पिढ्यांचें अंतर असतें, हें मंडळींत काम करणाऱ्या कोणाहि पाळकास ठाऊक आहे.

७. नियमासाठीं प्राण देणारे

लेवीय पुस्तकांत डुक्कर हें उंटाहून अधिक अशुद्ध नाहीं. मग त्याच्याविषयीं विशेष तिटकारा कोठून आला? त्याचें मोठें कारण छळ हें आहे. इ. स. पूर्वी १६७ च्या सुमारास सूरियाचा राजा अंत्योख एपिफानेस यानें यहूदी धर्म बंद करण्याचा प्रयत्न केला. मंदिर भ्रष्ट झालें, आणि डुकराचें मांस खाणें ही राजनिष्ठेची परीक्षा ठरली. मक्काबी यांचें दुसरें पुस्तक आपण शास्त्रांत गणीत नाहीं, तरी त्यांतील एलाजाराची गोष्ट वाचण्याजोगी आहे. तो नव्वद वर्षांचा शास्त्री होता. त्याच्या ओळखीच्या अधिकाऱ्यांनीं दया येऊन त्यास एकीकडे नेलें व सुचविलें कीं, तूं आपल्याच घरचें योग्य मांस आण, आणि राजाज्ञेचें मांस खातों असें फक्त दाखीव. त्यानें नाकारिलें. मी म्हातारपणीं ढोंग केलें तर तरुण पोरें फसतील, हें त्याचें उत्तर होतें. तो मारला गेला, पण ढोंगी झाला नाहीं.

म्हणून यहूदी लोकांच्या अन्ननियमांची थट्टा मंडळींत कधींहि होऊं नये. ज्या गोष्टीसाठीं म्हाताऱ्यांनीं व आयांनीं प्राण दिले, ती हंसण्याची गोष्ट नव्हे.

८. एका पंक्तीस कोण बसणार?

छळामुळें कुंपण उंच झालें. परराष्ट्रीयांबरोबर जेवूं नये असें नियमशास्त्रांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं. परंतु ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकांतील योबेल नांवाच्या यहूदी ग्रंथांत तसा उपदेश आढळतो, व पेत्राच्या काळीं तो पुष्कळांच्या अंगवळणीं पडला होता. ही पार्श्वभूमि ध्यानांत ठेवून प्रेषितांचीं कृत्यें १० व ११ वाचावे. यापो येथें पेत्रास दर्शन झालें तें प्राण्यांचें. परंतु कैसरियांत कर्नेल्याच्या घरीं गेल्यावर त्यानें त्याचा अर्थ सांगितला तो मनुष्यांविषयीं : कोणाहि मनुष्यास अशुद्ध म्हणूं नये. आणि यरुशलेमांत त्याच्यावर आरोप आला तो, तूं काय खाल्लेंस असा नव्हता. तूं कोणाबरोबर खाल्लेंस, असा होता.

पुढें यरुशलेमांतील सभेनें परराष्ट्रीय भावांवर सर्व नियमांचें ओझें न घालतां चारच गोष्टी वर्ज्य करण्यास सांगितलें : मूर्तीस वाहिलेलें, रक्त, गुदमरून मारलेलें व जारकर्म (कृत्यें १५). पुष्कळ पंडितांच्या मतें या चार गोष्टी लेवीय १७ व १८ यांत इस्राएलांत राहणाऱ्या परदेशीयास सांगितलेल्या नियमांशीं जुळतात. यहूदी भावास ठेंच न लागतां दोघांनीं एका ताटमेजावर बसावें, हा त्यांतील हेतु दिसतो.

तरीहि अंत्युखियांत स्वतः पेत्र चळला. तो परराष्ट्रीय भावांबरोबर जेवीत असे. पण यरुशलेमाहून कांहीं माणसें येतांच उठून वेगळा बसूं लागला, आणि बर्णबाहि त्याच्या मागें गेला. पौलानें सर्वांदेखत त्यास दोष लाविला (गलतीकरांस २). ज्यांच्या पंक्तींतून पेत्र उठला त्या भावांस त्या दिवशीं काय वाटलें असेल, याचा विचार आपल्याकडील वाचकांस फार शिकवावा लागणार नाहीं.

९. आपल्या शेजारचे इस्राएली

हे नियम केवळ जुन्या पोथींत आहेत असें नाहीं. आपल्या कोंकणांत, अलिबागच्या आसपासच्या गांवांत, बेने इस्राएल लोक कित्येक शतकें तेल गाळण्याचा धंदा करीत आले. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवार तेली असें नांव पडलें. मराठी हीच त्यांची घरची भाषा. त्यांच्यांत अशी कथा सांगतात कीं, दाविद राहाबी नांवाचा यहूदी गृहस्थ त्यांच्याकडे आला, तेव्हां त्यानें बायकांपुढें निरनिराळे मासे ठेवून ते शिजविण्यास सांगितलें. त्यांनीं पंख व खवले असलेले मासे तेवढे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारिले. आणि हे लोक इस्राएलच आहेत अशी त्याची खात्री झाली. १९४८ नंतर त्यांपैकीं बहुतेक इस्राएल देशीं गेले. परंतु त्यांचीं प्रार्थनामंदिरें मुंबईंत व कोंकणांत अद्याप आहेत. पोथ्या नसतां, गुरु नसतां, चुलीपाशीं बसलेल्या बायकांनीं एक नियम शतकानुशतकें राखिला, ही लहान गोष्ट नव्हे.

सारांश

तेव्हां शेजाऱ्यानें विचारिल्यास शांतपणें सांगावें कीं, हे नियम इस्राएलास वेगळेपणाची खूण म्हणून दिले होते. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर ते लादूं नयेत असें प्रेषितांनीं ठरविलें. आणि भावानें विचारिल्यास रोमकरांस १४ उघडून दाखवावा. खाणाऱ्यानें न खाणाऱ्यास तुच्छ मानूं नये; न खाणाऱ्यानें खाणाऱ्याचा न्याय करूं नये. एखादा भाऊ कांहीं मांस खात नसेल तर त्याच्या घरीं किंवा त्याच्यादेखत त्याचा आग्रह धरूं नये. पण अन्न कोणतेंहि असो, पंक्ति एकच असावी. मंडळीच्या भोजनांत कोणाचें पान दूर मांडलेलें दिसलें, तर तें आपल्या पानाशेजारीं आणून ठेवणें हें उपदेशकाचें काम आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. जनावर व मासा खाण्यास योग्य आहे हें कोणत्या खुणांवरून ओळखीत?
२. रक्त मातीनें झांकण्यांत कोणता धडा आहे?
३. नियमशास्त्रांतील अशुद्धता व जन्माचा विटाळ यांत तीन भेद सांगा.
४. एलाजारानें ढोंग कां केलें नाहीं? अंत्युखियांतील पेत्राशीं त्याची तुलना करा.
५. आपल्या मंडळींत खाण्यावरून कोणाचें मन दुखावलें जातें काय? त्यास उपाय काय?